पंखा थांबल्यावरची हवा

लाइट गेली आणि छताचा पंखा मंदावत गेला. आधी पाती वेगळी दिसू लागली, मग पात्यांच्या कडेला बसलेली धुळीची काळी रेघ दिसली, आणि मग पंखा थांबला. खोलीतली हवा मात्र पंख्याबरोबर थांबत नाही. पंख्याने ढवळलेले मोठे भोवरे लहान भोवऱ्यांत मोडतात, ते त्याहून लहानांत, आणि अगदी शेवटी हवेचा चिकटपणा त्यांना पुसून टाकतो. एवढ्याशा खोलीला त्यासाठी मिनिटभर पुरतं. खिडकीचा पडदा एकदा फुगून सपाट झाला. कॅलेंडरचं सुटलेलं पान भिंतीला टेकलं. टेबलावर कापसाचा एक तंतू होता, आईच्या पिशवीतून आला असावा. तो जरासा सरकला आणि निजला. आता खोलीत काहीच हलत नव्हतं. फक्त दिवाणावर बसलेल्या आईच्या गालाजवळ लोंबणारी घुगरी हलत होती.

उज्ज्वला चहाचे कप हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली. घुगरी म्हणजे चांदीचे दोन जड झुबके, दोन्ही कानशिलांवरच्या केसांत घट्ट गुंफलेले. बंजारा बाईच्या लग्नात ते केसांत येतात आणि नवरा आहे तोवर निघत नाहीत. तांड्यातल्या नव्या सुना आता घालत नाहीत, पण सुखीबाईची घुगरी सत्तरी आली तरी जागची ढळली नव्हती. आई स्वस्थ बसली होती. पिशवी भरून पायाशी ठेवलेली, हात मांडीवर, नजर खिडकीबाहेर. संध्याकाळच्या दिग्रस गाडीला अजून वेळ होता. तरी चांदीचं खालचं टोक किंचित पुढे येई, मागे जाई, परत पुढे येई. गव्हाच्या दाण्याएवढं अंतर असेल. नीट पाहिलं तर घुगरी नव्हे, डोकंच हलत होतं, कुणाचं तरी म्हणणं पटत असल्यासारखं: हो, हो, हो. आई तांड्यावरून यवतमाळला आली तेव्हापासून उज्ज्वला ते पाहत होती आणि पंख्याचा वारा आहे असं स्वतःला सांगत होती. जिने अर्धं आयुष्य वारा मोजण्यात घालवलं तिने. एवढ्या वाऱ्याने एवढी चांदी हलत नाही, हे तिला कागद-पेन्सिल न घेता कळायला हवं होतं. 

वर्षापूर्वी तिने हृदयाच्या झडपांवरचं एक जाड पुस्तक विकत घेऊन वाचलं होतं. हृदयातून बाहेर जाणाऱ्या मोठ्या रोहिणीच्या तोंडाशी एक झडप असते. ती नीट मिटली नाही तर बाहेर फेकलेलं रक्त काही अंशी परत आत येतं, आणि पुढच्या ठोक्याला हृदयाला परत आलेलं आणि नवं असं दोन्ही भिरकवावं लागतं. गळती फार वाढली की त्या हिसक्याने माणसाची मान हलू लागते. पुस्तकात या लक्षणाला एकच ओळ दिली होती. त्या ओळीपाशी तिने पुस्तक मिटलं होतं आणि कपाटात असं ठेवलं होतं की कणा भिंतीकडे राहील.

"आण ना व चहा. थंडा होऊन राह्यला," आई म्हणाली.

तिने कप दिला. आई बशीत ओतून पिऊ लागली. बशीतला चहाही हलत होता; तिकडे उज्ज्वलाने पाहिलं नाही. ती समोरच्या खुर्चीत बसली आणि तिला गेल्या वर्षीचा नागपूरच्या दवाखान्यातला तो लांब व्हरांडा आठवला, त्यातला फिनाइलचा वास, बाकावर ओळीने बसलेले आई, बा आणि धाकटा भाऊ राजकुमार. डॉक्टरांनी सांगितलं होतं की झडप बदलावी लागेल, त्याआधी एक तपासणी. नर्स आली आणि म्हणाली, मावशी, अंगावरचं सगळं काढावं लागेल, हे केसातलंपण. आई ताडकन उठून उभी राहिली. "माहा नवरा समोर बसला हाये," ती म्हणाली. बा, म्हणजे हरिसिंग, जागेवरून म्हणाले, "मी काय रुईचा पुंजका आहो का व? तुही घुगरी निंगाली का उडून जाईन?" पलीकडच्या बाकावरचा एक अनोळखी माणूस हसला. "तुमी गप बसा," आई म्हणाली, "तुमाले मरायची लय घाई." मग तिघांनीही उज्ज्वलाकडे पाहिलं, कारण घरात शिकलेली ती, आणि ती जे म्हणेल ते होणार होतं. ती रिपोर्ट घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली. तिला आठवत होता तो तिथला स्वतःचा आवाज, वर्गात असतो तसा, स्वच्छ. ती म्हणाली, गळतीचा आकडा ज्या सूत्राने काढलाय ते असं धरून चालतं की भोकाकडे धावणारं रक्त अचूक अर्धगोलांत जवळ येतं, भोक गोल आहे, आणि रक्ताला चिकटपणाच नाही. म्हणजे रेनॉल्ड्स संख्या अनंत धरली आहे. प्रत्यक्षात ती काही हजारांत असेल. डॉक्टर तरुण होते, थकलेले होते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मॅडम, बरोबर असेल तुमचं. आकडा वीस टक्के इकडेतिकडे होईल. पण हृदय केवढं वाढलंय ते सूत्राने नाही काढलेलं, ते मोजलंय." यातलं पहिलं वाक्य तिने ऐकलं. "मग सहा महिन्यांनी परत पाहिलं तर?" तिने विचारलं. त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि ते म्हणाले, "निर्णय तुमचा आहे." बाहेर येऊन तिने सांगितलं, "आत्ताच नको. आकडा पक्का नाही." आईचा चेहरा असा सैल झाला की तिला स्वतःचाच अभिमान वाटला. राजकुमार म्हणाला, "आपली ताई डॉक्टरले शिकवून आली, बाप्पा!" परतीच्या वाटेवर त्यांनी संत्री घेतली, आणि गाडीभर सालींचा वास होता. सहा महिन्यांनी यवतमाळलाच दुसऱ्या यंत्रावर तपासणी केली तेव्हा आकडा थोडा कमी आला. सूत्र तेच होतं. त्या दिवशी तिने सूत्राला एकही प्रश्न विचारला नाही.

दार वाजलं तशी ती दचकली. खालच्या मजल्यावरच्या हुस्नाबी होत्या, हातात झाकलेली ताटली. "तुमच्याकडंबी गेली का लाइट? मले वाटलं माह्याच घरची कापली." त्या आत आल्या, आईच्या शेजारी बसल्या, ताटली पिशवीवर ठेवली. "खारी शंकरपाळी हाय, गाडीत खाजा. कायले चालल्या पर एवढ्या लवकर? पोरगी जेवू घालत नाही का?"

"घालते व माय. पर वेचनी सुरू हाये, मजूर भेटत नाहीत. सून एकटी काय काय पाहीन?"

हुस्नाबी हसल्या, आणि मग आईकडे जरा मागे होऊन पाहू लागल्या. "सुखीबाई, तुमचे झुमके तं गाणं ऐकून राह्यले वाटते. रेडिओ तं बंद हाय."

"त्याइले सवय हाये," आई म्हणाली. "बसलं तरी नाचतेत, निजलं तरी नाचतेत."

दोघी हसल्या. उज्ज्वलाही हसली. आता ते फक्त तिनेच पाहिलं होतं असं राहिलं नव्हतं. निजलं तरी, आई म्हणाली होती. म्हणजे आईला माहीत होतं. किती दिवसांपासून? हुस्नाबी भाजीचे भाव, लाइटीचं बिल, मुलाची नोकरी असं बोलत राहिल्या आणि उज्ज्वला मान डोलावत राहिली. मध्येच तिच्या लक्षात आलं की आपण आईच्याच लयीत मान डोलावतो आहोत. तिने मान ताठ धरली. हुस्नाबी गेल्या तेव्हा खोली आधीपेक्षा शांत झाली आणि चांदीचा अगदी बारीक आवाजही ऐकू येऊ लागला, किंवा येतो आहे असं तिला वाटलं.

बंगळूरच्या संस्थेत ती बारा वर्षं होती. तिथे लांबलचक वातबोगदा होता, त्यात जाळीतून वारा सोडायचा आणि केसाहून बारीक तापवलेल्या तारेने त्याचा वेग मोजायचा. कामाचा विषय घरी कुणाला सांगता यायचा नाही. बा लोकांना सांगायचे, पोरगी हवा मोजते. खरं तर ते पुरेसं होतं. रेनॉल्ड्स संख्या म्हणजे प्रवाहाची धाव आणि त्याचा चिकटपणा यांची तुलना. संख्या लहान असेल तर पदार्थ मधासारखा निमूट वाहतो, मोठी असेल तर भोवरे उठतात. ऐंशीएक वर्षांपूर्वी मांडलेला सिद्धांत सांगतो की ही संख्या अनंत असेल तर मोठे भोवरे आणि चिकटपणाने पुसले जाणारे अगदी बारके भोवरे यांच्या मधोमध एक मोकळा पट्टा असतो. त्या पट्ट्यातल्या भोवऱ्यांना आपण कुठून आलो ते आठवत नाही. पंख्यातून आलेले, नदीतून आलेले, वादळातून आलेले, तिथे सगळे सारखे, आणि म्हणूनच त्यांचा एकच नियम सांगता येतो. विशीतल्या उज्ज्वलाला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वसतिगृहाच्या खोलीत तिला रडू आलं होतं. एवढं लहान होत जावं की कुठून आलो ते कुणाला कळू नये, हे तिला तेव्हा फार सुंदर वाटलं होतं. पण तिच्या बोगद्यात तो नियम कधीच आला नाही. त्या नियमाप्रमाणे आलेख ०.८ वर सपाट व्हायला हवा होता. तो टेकडीसारखा चढे, ०.७ च्या आसपास घुटमळे आणि उतरे. एका बाजूने चिकटपणा आत घुसायचा, दुसऱ्या बाजूने मोठ्या भोवऱ्यांची आठवण, आणि मध्ये मोकळं असं काही उरायचंच नाही. कित्येक जण म्हणत, सिद्धांतच अपुरा आहे. प्रवाहात अधूनमधून तीव्र झटके येतात, ते सरासरीत मावत नाहीत. उज्ज्वला म्हणे, नाही, हा फक्त मर्यादित संख्येचा परिणाम आहे. संख्या वाढवत न्या, आलेख हळूहळू सपाट होत जाईल. तिने ते आकड्यांनी दाखवलंही, आणि त्यावरच तिचं नाव झालं. एका परिषदेत चहाच्या वेळी एक सहकारी म्हणाला होता, "मॅडम, तुमचं अनंत कोणत्या स्टेशनला येतं? तिकीट काढून ठेवतो." तीही हसली होती. दुसऱ्या एकाने, ज्याचं नाव तिला कधी कळलं नाही, तिचा निबंध तपासून शेरा दिला होता: लेखिकेला झटके खरे असू नयेत असं वाटतं. वाटतं या शब्दाचा तिला फार राग आला होता.

आता बंद पंख्याखाली बसून तिला दिसलं की आपला सगळा धीर 'फक्त' या एका शब्दावर उभा होता. फक्त मर्यादित संख्येचा परिणाम. जणू तसं म्हटलं की तो परिणाम घडलाच नाही. पण अनंत संख्येचा प्रवाह जगात कुठेही वाहत नाही. बोगद्यातला वारा मर्यादित, अरुणावती नदीचं पाणी मर्यादित, आईच्या छातीतलं रक्त मर्यादित. तारेने नोंदलेला झटका कोणत्याही कारणाने आलेला असो, आलेला असतो. तिने सूत्रातली चूक बरोबर पकडली होती. आकडा खरोखरच वीस टक्के इकडेतिकडे होता. आणि त्या वीस टक्क्यांत तिने वर्षभर आईला बसवून ठेवलं होतं, आडोशाला बसवतात तसं.

शेजारच्या इमारतीत कुणीतरी पाण्याची बादली आपटली. आईने मान वळवली आणि क्षणभर घुगरी मानेच्या सुरकुतीत अडकून थांबली. इतका वेळ ती हलते म्हणून भीती वाटत होती. आता ती थांबली म्हणून जी भीती वाटली ती निराळीच होती, तिला तळच नव्हता. मग आईने मान सरळ केली, चांदी सुटी झाली, परत हलू लागली. हलू दे, उज्ज्वला मनात म्हणाली, हलतच राहू दे. ही घुगरी तिने एकदा मुठीत धरली होती. नवोदयच्या परीक्षेला दिग्रसला जायचं होतं, नाल्याला पूर आलेला, बायामाणसं काठावर पाणी उतरायची वाट पाहत थांबलेली, आणि आईने तिला खांद्यावर घेऊन सरळ पाण्यात पाय घातला होता. गढूळ पाणी आईच्या छातीपर्यंत, बाभळीच्या बुंध्यामागे गरगरणारे भोवरे, आणि तिच्या दोन्ही मुठींत चांदी. तो भोवरा तिला अजून स्वप्नात दिसे.

"याडी," तिने आईला हाक मारली, "तुला तो नाला आठवतो? परीक्षेच्या दिवशीचा? छातीपर्यंत पाणी होतं."

"छातीपर्यंत?" आई इतकी हसली की तिला धाप लागली, आणि बोलायला वेळ लागला. "गुडघ्याएवढं होतं व. पोराइनं उड्या मारल्या त्याच्यात. तूच बोंबलून राह्यली होती. माहे केस उपटले, घुगरी लोंबकळून राह्यली निस्ती. आठ दिवस डोकं दुखलं माहं."

"गुडघ्याएवढं?"

"लहानी होती तू. लहान्याले सगळंच खोल दिसते."

उज्ज्वलाला त्या आठवणीच्या आधाराने उठायचं होतं, आणि ती हातातून निसटली. राहिली ती फक्त धाप. एवढ्याशा हसण्याने लागलेली, अजून न उतरलेली. आई तोंड किंचित उघडं ठेवून श्वास घेत होती, आणि ते लपवायला पदराने ओठ पुसत होती.

फोन वाजला. राजकुमार. "ताई, याडी निंगाली का? मी स्टँडवर येतो घ्यायले." मागे ट्रॅक्टरचा आवाज होता, बायांचा गलका होता. मग त्याने आवाज खाली आणला. "अन् ते काय म्हन्ते? ऑपरेशनचा तुहा हिशोब? बा रोज विचारून राह्यले. मी म्हनलं, ताई म्हनन तसं. ताईनं थांब म्हनलं तं थांबू."

"सांगते," ती म्हणाली. "थोड्या वेळात सांगते."

"घाई नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातला विश्वास ऐकून तिला वाटलं, फोन खाली ठेवावा आणि कुठेतरी निघून जावं, वसतिगृहाच्या त्या खोलीत, जिथे ती कुठून आली ते कुणाला ठाऊक नव्हतं. पण मर्यादित संख्येत लहान भोवरे मोठ्यांना विसरत नाहीत. हे तिनेच सिद्ध केलं होतं.

"रात्री झोप लागते का तुला?" तिने विचारलं.

"लागते ना."

"आडवी होऊन?"

आईने रिकामी बशी कपावर ठेवली, परत उचलली. "आडवं झालं का जीव घाबरते. बसूनच झोपा लागते. भिताडाले टेकून." मग घाईने म्हणाली, "वय झालं आता. तू आकडा पाह्यला ना? तू म्हनली ना कमी झाला?"

ती माझ्यावर विसंबून भिंतीला टेकून झोपते आहे, उज्ज्वलाच्या मनात आलं. शस्त्रक्रिया हा शब्द तिला म्हणता आला असता, तो पुस्तकातला होता, डॉक्टरांसमोर तिने तो सहज वापरला होता. पण आईशी बोलायचं तर वाक्य एकच होतं, आणि ते तिने लहानपणी ऐकलं होतं. भागीरथा मावशीचा नवरा गेला तेव्हा बायकांनी मावशीला अंगणात बसवलं, भोवती उभ्या राहिल्या, आणि त्यांतली एक म्हातारी म्हणाली, आता घुगरी काढा लागते. मग गुंता सुटेना म्हणून कात्री आली. केस कापल्याचा तो करकर आवाज, आणि मातीत पडलेली चांदी, आणि मावशीचे एकाएकी उघडे पडलेले पांढरे गाल. मावशी नंतर बरीच वर्षं जगली, पण उज्ज्वलाला तिच्याकडे नीट बघायचं धैर्य परत कधी झालं नाही. ते वाक्य नवरा जिवंत असलेल्या बाईला कुणी म्हणत नाही. लेकीने आईला तर नाहीच. आणि म्हणूनही काय हाती येणार होतं याची खात्री नव्हती. शंभरातल्या काही जणी शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उठत नाहीत. ती सरासरी हजारो बायांची होती. समोर एकच बाई बसली होती.

लाइट आली. फ्रिज घरघरला, आणि पंखा हलला, एक पातं, दुसरं, मग पाती दिसेनाशी झाली. पडदा फुगला. कॅलेंडरचं पान फडफडू लागलं. टेबलावरचा तंतू उचलला जाऊन कुठे गेला ते दिसलं नाही. आईच्या कपाळावरच्या बटा उडू लागल्या, पदर हलला, घुगरी हलली, आणि आता परत कुणालाही म्हणता आलं असतं की वारा आहे. उज्ज्वलाला हायसं वाटलं. ते इतकं ओळखीचं हायसं वाटणं होतं, संत्र्याच्या वासाचं, की तिला शिसारी आली. ती उठली. बटणापर्यंतचं अंतर दोन पावलांचं होतं. तिने पंखा बंद केला.

"काहून बंद केला व? आताच तं आली लाइट. गरमी होते."

पंखा अजून फिरत होता. पडदा अजून हलत होता. हवा स्थिर व्हायला मिनिटभर लागलं असतं, आणि मग पाहता आलं असतं, अजून एकदा, खात्रीने. ती थांबली नाही. आईच्या समोर खाली फरशीवर बसली, लहानपणी बसायची तशी, आणि हात वर करून दोन्ही झुबके तळहातांत घेतले. चांदी गरम होती. प्रत्येक ठोका तिच्या तळव्यांवर येऊन आदळत होता. आईच्या डोळ्यांत जे आलं त्यावरून उज्ज्वलाला कळलं की तिला कळलं आहे. उज्ज्वलाला इतकी भीती वाटत होती की स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

"याडी," ती म्हणाली, "घुगरी काढा लागते. बा जित्ते असताना काढा लागते. उद्या नागपूरले जाऊ. माह्या हातानं काढीन."